चार कुलपांच्या आत

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचवं कुलूप सापडत नाहीये. घरून निघताना पाच होती — मोठ्या बॅगेला दोन, छोटीला एक, खाटेखालच्या लोखंडी पेटीसाठी एक आणि एक जास्तीचं. जास्तीचंच गेलं. म्हणजे चोरानं कुलूपच चोरलं! दादाला कळलं तर हसून लोळेल. आधीच म्हणाला होता, "चोराला तुझी बॅग दिसते, तुला चोर दिसत नाही. जाऊ नकोस."

आले तरी. बारा वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय. दुसऱ्यांना लांबचं नीट दिसावं म्हणून खाली मान घालून बसायचं, आणि आपण मात्र घर ते कारखाना, कारखाना ते घर. रजा मागितली तर मालक म्हणाले, "एकवीस दिवस? चालत जाणार आहेस का?" पाठीवर बॅग टाकून, एकटी, परदेशात — हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

हॉस्टेलच्या खोलीत आठ खाटा. मी आणि सात अनोळखी बायका. कोण कुठली, कशी — काही कळायला मार्ग नाही. दाराला कडी आहे पण ती लागत नाही. वहिनीनं कुर्त्याला आतून कप्पा शिवून दिलाय, त्यात पासपोर्ट. छोट्या बॅगेचा पट्टा पायाला बांधून पडायचं. झोप यायची आशा नाही, पण बॅग तरी जागेवर राहील.

४ ऑक्टोबर, शनिवार

पासपोर्ट आहे. सकाळपासून अकरा वेळा चाचपला. आंघोळीला जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून नळावर टांगला.

६ ऑक्टोबर, सोमवार

पाच तास बसमध्ये. मोठी बॅग खाली डिकीत टाकायला लावली त्या ड्रायव्हरनं. प्रत्येक थांब्याला मी खाली उतरून डिकीपाशी उभी! तिसऱ्या थांब्याला त्यानं मला हात जोडले.

बाजूच्या रांगेतला एक मिशाळ माणूस सारखा माझ्याकडे बघत होता. मी बॅग पोटाशी धरली. तो आणखी बघायला लागला. मी खिडकीकडे सरकले. शेवटी तो उठला, माझ्यापाशी आला आणि बोटानं दाखवलं. छोट्या बॅगेची मागची चेन सताड उघडी. आतला टॉवेल, कंगवा, आईनं दिलेली औषधांची डबी, सगळं जगाला दर्शन देत होतं. कुलूप पुढच्या चेनला लावलेलं. किल्ली माझ्या गळ्यात.

थँक्यू म्हणाले. पण उतरल्यावर सगळं मोजून पाहिलं. त्याच्याबद्दल वाईट वाटलं, तरी मोजलं.

डोंगर छान होता म्हणे वाटेत. मी पाहिलाच नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस! अजून खरं वाटत नाही.

नवं गाव, नवी खोली, इथे सहा खाटा. दुपारी थकून पडले होते, पट्टा पायाला बांधून. डोक्याशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोळे उघडले तर हातात धुतलेल्या चादरींचा ढीग घेतलेली एक बाई. साठीला आलेली, केस घट्ट बांधलेले. माझ्या पायाकडे बघून म्हणते काय —

"अगं, शेळी आहेस का तू? पाय बांधून झोपलीस ती!"

मराठीत! चक्क मराठीत! मी ताडकन उठले आणि पट्टा पायात असल्यामुळे तशीच आडवी पडले. दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खाटेवरची मुलगी जागी झाली.

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"झोपेत 'आई गं' म्हणालीस की. जगात दुसरं कोण म्हणतं?"

मावशीच म्हणायला लागले मी तिला, पहिल्या पाच मिनिटांत 'तुम्ही'चं 'तू'ही झालं. तिचा मुलगा इथेच नोकरीला आहे, त्याच्या खोलीत जागा नाही म्हणून ती इथे राहते. वेळ जात नाही, म्हणून मालकिणीला चादरी धुवायला मदत करते. चहा केला तिनं. आल्याचा. सहा दिवसांनी कुणीतरी "घे अजून" म्हणालं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मावशी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहे! आज बाजारात हिंडलो. रस्ताभर मला शिकवत होती.

"एवढी कुलपं लावलीस म्हणजे काय, पाटीच लावलीस — इथे माल आहे म्हणून. मळकी बॅग बरी."

"'खिसेकापूंपासून सावध' अशी पाटी दिसली की लोक काय करतात? आपला खिसा चाचपतात. खिसेकापू त्या पाटीखालीच उभा असतो. आयतं कळतं त्याला कुठे काय आहे ते."

"कुणी अंगावर काही सांडलं आणि पुसायला धावला, तर डागाकडे बघू नकोस. बॅगेकडे बघ."

"चोर कधी घाईत नसतो. घाईत असतो तो ज्याचं जायचं असतं."

मी म्हटलं, मावशी, तुला इतकं कसं गं ठाऊक? म्हणाली, "डोळे उघडे ठेवले की कळतं." खरंच आहे. मी पाटी दिसली की पासपोर्ट चाचपतेच! आज चाचपला नाही. दोनदाच.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल पहाटेपासून ताप होता, आज उतरलाय. अक्षर बघा कसं येतंय.

मावशीनं रात्रंदिवस केलं. कपाळावर पट्ट्या, भाताची पेज, उलटीचं भांडं. मी कुर्ता ओला झाला म्हणून कधी काढला, पासपोर्ट कुठे ठेवला, गळ्यातली किल्ली कुणी काढली, काही आठवत नाही. आज दुपारी शुद्धीवर आले आणि पहिला हात छातीवर गेला. कप्पा नाही! कुर्ताच दुसरा!

उशीखाली सगळं होतं. पासपोर्ट, पाकीट, किल्ली, घड्याळ, एका रुमालात बांधून. पाकिटातली चिल्लरसुद्धा हललेली नाही. होय, मी पाहिलं. माझ्यासाठी दोन दिवस न झोपलेल्या बाईच्या पाठीमागे मी पाहिलं! लाज वाटली. तिनंही ओळखलं असावं. म्हणाली, "बघ हो बघ. बघितलं की बरं वाटतं."

तापात मी तिला काय काय सांगितलं कोण जाणे. वहिनीचे दिवस भरत आलेत, बावीस तारखेचं विमान चुकवायचं नाही, हे तिला पाठ झालंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

मावशी म्हणाली, मुलाला कामासाठी पुढच्या गावी पाठवलंय, तीही तिकडे जाणार. उद्या एकत्रच निघू! मला तर सोनं सापडल्यासारखं झालं.

तिची पिशवी म्हणजे नुसती कापडी झोळी, चेनसुद्धा नाही. संध्याकाळी तिनं एक पुरचुंडी दिली, जाड कापडात शिवलेली, लहान वहीएवढी. "माझी औषधं आणि मुलाची कागदं. तुझ्या बॅगेत तळाला टाक. तिथून काय उडतंय!" 

टाकली. दोन्ही कुलपं लावली. कुणाला तरी माझ्या कुलपांचा उपयोग झाला. आजवर सगळे हसलेच होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी भयंकर गोंधळ. खिडकीपाशी दोन बहिणी असतात, कॉलेजातल्या. दोघींचे पासपोर्ट गेले! धाकटी तर जमिनीवर बसून रडत होती, थोरली गाद्या उलट्या करत होती. मला माझंच काही गेल्यासारखं झालं. हेच, हेच मी रोज मनात बघते — फक्त तिथे मी असते.

मालकिणीनं दार लावून घेतलं. सगळ्यांच्या बॅगा बघायला लागली. मावशीची झोळी झटकली, दोन पातळं आणि एक कंगवा. मग माझ्याकडे आली. मी किल्ल्या काढायला लागले, घाईत बरोबर किल्ली सापडेना. मालकीण हसली आणि हात हलवून पुढे गेली. दुसऱ्या बाईला काहीतरी म्हणाली. मावशीनं मला अर्थ सांगितला, "म्हणतेय, हिला सोडा. ही स्वतःच्या सावलीला भिते."

सगळे हसले. मीही.

दुपारच्या बसनं आलो. इथे रजिस्टरमध्ये नाव लिहिताना मावशी म्हणाली, "दोन्ही खाटा तुझ्याच नावावर लिही. माझा पासपोर्ट मुलाकडे आहे." लिहिल्या.

त्या धाकटीचं रडणं कानातून जात नाही. बॅग उशाला घेतलीय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

देवा.

लिहावं की नाही कळत नाही. कुणाला सांगू? इथेच लिहिते.

दुपारी स्वेटर काढायला बॅग उपसली. पुरचुंडी हाताला लागली. अशीच दाबली. औषधांना इतके टणक कोपरे नसतात. कागदांनाही नसतात. रोज अकरा वेळा कुर्त्यावरून चाचपलेली वस्तू बोटांना ओळखू येणार नाही का? आकार तोच. जाडी तीच. एकावर एक.

मावशी कपडे धुवायला खाली गेली होती. नखकात्रीनं टाके उसवले.

तीन पासपोर्ट. कुणाच्या तरी घड्याळाबरोबर गुंडाळलेले. वरचा उघडला — ती धाकटी. फोटोत हसतेय. दुसरा थोरलीचा. तिसरा कुणा टकल्या माणसाचा.

माझ्या बॅगेत. माझ्या कुलपांच्या आत! आणि किल्ली माझ्या गळ्यात.

परत कोंबलं. कुलूप लावलं. मावशी वर आली, म्हणाली, "चेहरा का उतरलाय? परत ताप?" कपाळाला हात लावून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बाहेर जाऊन दादाला फोन. आधी ओरडला. मग घाबरला. "फेकून दे कुठल्या तरी गटारात आणि पहिल्या विमानानं घरी ये." वहिनीनं फोन हिसकावला. "फेकू नका हो वन्सं. त्या पोरींना घरी कसं जायचं?" मागून दादा, "तू गप्प बस, ही आत जाईल!" फोन तसाच कट झाला.

फेकायला म्हणून नदीच्या पुलापर्यंत गेले. खरंच गेले. दहा मिनिटं उभी होते. हात बॅगेत गेला आणि परत आला.

खोलीवर आले. मावशी माझे कपडे घड्या करून ठेवत होती. पुरचुंडी तिच्यापुढे ठेवली, उसवलेली बाजू वर.

ती रडेल, नाही म्हणेल, पाया पडेल असं वाटलं होतं. काही नाही. हातातल्या कुर्त्याची घडी पूर्ण केली. म्हणाली, "टाके फार मोठे घातले होते मी. डोळे गेले आता."

"मावशी! मला पकडलं असतं तर?"

"तुला कोण पकडतंय. तुला बघितलं की माणूस हसतो."

ते मला तोंडात मारल्यासारखं लागलं. तिच्याही लक्षात आलं. मग बोलली. पहिल्यांदाच खरं, निदान मला तरी तसं वाटलं. मुलगा इथे नाहीच. घरी आहे, त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी ती एका कुटुंबाकडे स्वयंपाकाला म्हणून आली. आल्या दिवशीच त्यांनी पासपोर्ट काढून घेतला. दीड वर्ष दाराबाहेर पाऊल नाही, पगार नाही. एका सकाळी कचरा टाकायला म्हणून निघाली ती परत गेलीच नाही. कागद नाही म्हणून काम नाही. चादरी धुतल्या की खाट मिळते, जेवण मिळत नाही. मग एक माणूस भेटला, पासपोर्ट विकत घेणारा.

"तुझा गेला म्हणून तू दुसऱ्यांचे नेणार?"

तिनं दुसरा कुर्ता घडीला घेतला.

"तापात माझा समोर पडला होता. तो का नाही घेतलास?"

"तुझा घेतला असता तर तू घरी कशी गेली असतीस?"

"आणि त्या पोरी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग घातलेली घडी मोडून परत घालायला लागली.

मी म्हटलं, उद्या सकाळी मी हे चौकीत देणार. मावशी म्हणाली, "दे." जरा वेळानं म्हणाली, "चहा टाकू?"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी तिची खाट रिकामी. चादर नीट खोचलेली. झोळी नाही.

मला बरं वाटलं — खोटं कशाला लिहू. ती सुटली, पासपोर्ट परत जातील, मी घरी जाईन. सगळ्यांचंच भलं.

चौकीत गेले आणि सगळं उलटं झालं. ठाणेदार साहेब पोरसवदा, शांत आवाजाचा. दुभाषी बाई बोलावली, ती त्याचं मला इंग्रजीत सांगायची. पासपोर्ट कुणाचे? कुठे मिळाले? तुमच्या बॅगेत? कुलूप कुणाचं? किल्ली कुणाकडे? कोण मावशी? नाव काय?

नाव.

मला तिचं नावच माहीत नाही! आठ दिवस मावशी मावशी करत फिरले. एका ताटात जेवले. बॅगेला इतकी कुलपं, आणि माणसाला एक साधा प्रश्न नाही.

साहेबानं आधीच्या गावच्या मालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, चादरी धुणारी कुठलीही बाई आमच्याकडे नव्हती. का म्हणेल? बिनकागदाची बाई कामाला ठेवली होती ना! इथलं रजिस्टर मागवलं, दोन्ही खाटा माझ्या नावावर, माझ्या अक्षरात.

साहेबानं हात पुढे केला. पासपोर्ट. मी पाठ वळवून कुर्त्याच्या आतून काढला. घामानं ओला झाला होता. तेरा दिवस छातीशी धरला होता, त्यानं तो न बघता ड्रॉवरमध्ये टाकला.

ड्रॉवरला कुलूपसुद्धा नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज सकाळी दहाला चौकीत हजेरी. सही. मग बाकावर बसायचं. मग जायचं.

गाव सोडायचं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बॅगेला कुलूप लावलं नाही आज. काय न्यायचंय ते न्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

त्या दोघी बहिणी आल्या होत्या पासपोर्ट न्यायला. धाकटी मला बघून धावत आली, गळ्यात पडली, कायकाय बोलली. थोरली आली नाही. टेबलापाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग साहेबाला काहीतरी म्हणाली आणि धाकटीला दंडाला धरून घेऊन गेली.

दुभाषी बाईला विचारलं, काय म्हणाली? ती सांगेना. खूप विचारल्यावर म्हणाली — "ती म्हणाली, त्या दोघी मायलेकी होत्या. आजारपणाचं सोंग मुलीनं आणलं, आईनं खोलीवर नजर ठेवली."

मायलेकी!

ताप सोंग होता म्हणे. मी बाकावर बसून राहिले. थोरलीचा राग येईना. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. मी तर बसमधल्या त्या मिशाळ माणसावर काहीही झालेलं नसताना संशय घेतला होता.

आईचा फोन आला. मजेत आहे म्हटलं. डोंगर पाहिले म्हटलं. "जपून गं बाई, सामान सांभाळ." हो म्हटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

परवा विमान.

दुभाषी बाई चांगली आहे. आज तिच्या डब्यातला पाव मला दिला आणि खाली बघत सांगितलं, ती बाई सापडली नाही तर प्रकरण कोर्टात जाईल. महिने लागतात. कधी वर्ष.

वर्ष! वहिनीचं बाळ चालायला लागेल तोवर. मालक जागा कशाला ठेवतील. आणि कळेल सगळ्यांना — परदेशात चोरीत सापडली. आई कुणाला तोंड दाखवील?

मी मावशीला शिव्या दिल्या आज. मोठ्यानं, खोलीत एकटी बसून. सगळ्या येत होत्या तेवढ्या. गटारात फेकायला हवे होते. दादा बरोबर होता. नाही, वहिनी बरोबर होती. मला काही कळेनासं झालंय. जेवण जात नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दहाला हजेरीला गेले. माझ्या बाकावर मावशी बसली होती.

केस विंचरलेले. धुतलेलं पातळ. मांडीवर झोळी. लग्नाला निघाल्यासारखी. मला वाटलं पकडून आणली. दुभाषी बाई म्हणाली, नाही, आठला स्वतःच आलीय, चौकी उघडायच्या आधीपासून पायरीवर बसली होती.

ती साहेबाशी फडाफडा त्यांच्या भाषेत बोलत होती. मला ओ की ठो कळेना. साहेब लिहीत होता. मध्येच तिनं माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाली, त्यावर साहेब पहिल्यांदा हसला. मग त्यानं मला विचारलं — हीच का?

'हो' म्हटलं की मी घरी आणि ती आत.

मावशी मराठीत म्हणाली, "म्हण की हो. घाबरतेस कशाला? चार दिवस रस्त्यावरून बघतेय तुला या बाकावर. बरं झालं तुझ्यामुळे. मला कधी सुचलंच नव्हतं बघ. यांनी पकडलं की आठ दिवसांत घरी पाठवतात, तिकीटही यांचंच! नऊ वर्षं मी वेड्यासारखी यांच्यापासून पळत होते. मुलाला कळवलंय मी. न्यायला येणार आहे विमानतळावर."

"खरंच?"

"मग! त्याचं दुकान स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे, कुणालाही विचार. कधी त्या बाजूला गेलीस तर चहा पिऊन जा. म्हण आता हो. साहेब खोळंबलाय."

मी हो म्हटलं.

साहेबानं ड्रॉवर उघडून पासपोर्ट दिला. मी तिचं नाव आणि गाव विचारलं, तिनं सांगितलं. इथे लिहीत नाही. माझ्यापाशी राहू दे.

आत नेताना तिनं वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर दुभाषी बाईला विचारलं, आठ दिवसांत पाठवतात ना? ती थांबली. म्हणाली, "कोण म्हणालं? आधी शिक्षा. तीन वर्षं, चार. मग पाठवणी."

मावशीला हे कुणी सांगितलंच नसणार! बिचारी आठ दिवस मोजत बसेल. मी परत आत जायला निघाले, सांगायला. शिपायानं दारात अडवलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

विमानात. ढगांशिवाय काही दिसत नाही. तिच्या मुलाला भेटायचं, खरं काय ते त्याला सांगायचं — वाट बघत बसेल तोही. एवढं तरी मी करू शकते.

९ नोव्हेंबर, रविवार

मुलाकडे जाऊन आले. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सचं दुकान. तिशीचा आहे. नाव ऐकल्याबरोबर मला कोपऱ्यात घेऊन गेला. आवाज खाली.

"हळू बोला, बायको आत आहे. सासरी सांगितलंय, आई वारली म्हणून."

मी म्हटलं, अहो, ती तुमच्या भरवशावर आत गेलीय! तिला वाटतंय तुम्ही न्यायला येणार!

"तिला काही वाटत नाहीये. कळवलंय मी तिला, लग्नाच्या वेळीच. चार वर्षं झाली. येऊ नकोस, इथे आता जागा नाही. ते वाचून तिचं उलट पत्रही आलं होतं."

काय लिहिलं होतं?

"एकच ओळ. 'बरं केलंस.'"